शिरस्त्राण काढलेला हेक्टर

ग्रीक पुराणातल्या वीरांच्या गोष्टींचं मुलांसाठी पुस्तक निघणार होतं आणि चित्रांचं काम सुगंधाकडे आलं होतं. घाटकोपरच्या एका शाळेत ती चित्रकला शिकवायची. बाकीची चित्रं भराभर झाली. हेक्टरचं तेवढं अडलं.

ट्रॉयचा हेक्टर लढाईला निघालाय. तान्ह्या मुलाला घ्यायला हात पुढे करतो, तर मूल त्याचं चकाकतं शिरस्त्राण पाहून किंचाळतं. मग तो हसून ते जमिनीवर काढून ठेवतो आणि मुलाला उचलतो. लढाईतून तो परत येत नाही.

सुगंधाने चित्रात शिरस्त्राण त्याच्या डोक्यावरच ठेवलं. चित्र परत आलं.

"बाई, मुलांना त्याचा चेहरा दिसू दे ना," प्रकाशक विद्याधरपंत म्हणाले.

बेचाळीस साली तिचा नवरा लवू पलटणीत निघाला, तेव्हा वर्षाची लेक माणिक त्याच्या लोखंडी टोपाला अशीच भ्यायली होती. लवूने टोप काढला नाही. ट्रक खाली उभा होता. दोन वर्षांनी तो इटलीच्या आघाडीवर पडल्याची तार आली. घरात त्याचा एकच फोटो, त्यातही टोपाच्या सावलीत डोळे बुडालेले. तो चेहरा सुगंधाला आता आठवत नव्हता. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

चारदा तिने चेहरा काढला. चारही वेळा भलताच कुणी निघाला. खोडून खोडून कागदावर पांढरा खड्डा उरला. भाकऱ्या थापतानाही त्या खड्ड्यातून कुणीतरी पाठीकडे बघतंय असं वाटे. तिने चित्रावर फडकं टाकलं.

रविवारी दुपारी अण्णांनी, तिच्या सासऱ्यांनी, ते फडकं उचललं. गिरणीत जन्म काढलेला, मोजकं बोलणारा माणूस. त्या पांढऱ्या खड्ड्यावरून त्यांनी बोट फिरवलं.

"पेन्सिल घे," ते म्हणाले. "भुवयो माज्यो. हनुवटी त्याच्या आवशीची. डावो डोळो वायच बारीक."

सासूबाईंची हनुवटी, जरासा बारीक डोळा, ते सांगत गेले, ती काढत गेली. लवूचा चेहरा आला. सुगंधाने पदर तोंडाशी धरला.

माणिक दारात थबकली. "आई, हे कोण?"

"हेक्टर."

माणिक एक पाऊल मागे सरली. "तो त्या बाळाकडे बघत नाहीये गं. माझ्याकडे बघतोय."

सुगंधाने खोडरबर उचललं आणि पुन्हा ठेवून दिलं.

सोमवारी ती स्वतः चित्र देऊन आली. अण्णा दाराशी बसून होते.

"गेलो तो?"

"हो."

"मागे वळान बघितल्यान?"

चपला काढून सुगंधा आत स्टोव्ह पेटवायला गेली. तीन काड्या विझल्या, तेव्हा कुठे तो पेटला.