साबणवाल्यांचं गाणं

सोफे शिवणाऱ्या माणसाला आठवडाभर फारसं बोलता येत नाही, कारण त्याचं तोंड बारीक खिळ्यांनी भरलेलं असतं. जिभेनं एक खिळा ओठांशी आणायचा, हातोडीच्या चुंबकाला लावायचा, ताणलेल्या कापडावर ठोकायचा, की पुढचा. गिऱ्हाईक काही विचारायला आलं तर मान हलवून भागवायचं. मग असा माणूस सुट्टीच्या दिवशी फुटबॉलच्या गॅलरीत उभा राहिला तर त्याच्या घशातून काय बाहेर पडेल ते पडेल. आमच्या या माणसाचा आवाज इतका दणदणीत होता की सगळं गाव त्याला भोंगा म्हणायचं. खरं नाव त्याच्या मुलीला ठाऊक होतं, पण तीही लाडात आली की भोंगाच म्हणायची.

गोलपोस्टच्या मागची गॅलरी त्याची. कठड्यावर चढून, मैदानाकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून तो गाणी सुरू करायचा. शेजारी त्याचा जिवलग दोस्त, चष्म्याच्या दुकानाचा मालक, ढोल बडवायचा. असल्या कामात सामना बघायला मिळत नाही. गोल झाला की हुकला हे भोंग्याला समोरच्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं, आणि त्याचं त्याला काडीचंही दुःख नव्हतं.

वर्षातला मोठा सामना म्हणजे नदीपलीकडच्या साबणवाल्यांशी. पलीकडे साबणाचा कारखाना आहे, तिथे चरबी उकळते, आणि वारा फिरला की वास अलीकडे येतो. एवढं निमित्त पुरे झालं. साबण करणाऱ्यांनाच घाणेरडं म्हणायचं, ही गंमत भोंग्याला तरुणपणी सुचली आणि त्यानं गाणं रचलं.

“साबण तुमचा, वास तुमचा, नाक आमचं बंद!
जन्मभर घासा तरी जाईना हा गंध!”

गाणं असं काही चढलं की त्याचा रिवाजच पडला. घरोघरी लोक न्हाणीतल्या झिजलेल्या साबणाच्या चपट्या बरणीत साठवायचे, सामन्याला खिसे भरून न्यायचे, आणि आपल्याला कॉर्नर मिळाला की एका हातानं नाक धरून दुसऱ्या हातानं चपट्या पलीकडच्या गोलकीपरमागे भिरकावायचे. जाळीमागे साबणाचा खच पडायचा. मैदान झाडणारे दोघं तेवढे भोंग्याच्या नावानं बोटं मोडायचे.

आणि भोंग्याच्या मुलीनं लग्न ठरवलं ते नेमकं साबणवाल्यांच्या आताच्या गोलकीपरशी! ती दातांच्या दवाखान्यात कामाला होती. हा दाढ दुखते म्हणून आला, दाढ बरी झाली तरी येतच राहिला. बायको गेल्यापासून भोंग्याला मुलीशिवाय कुणी नव्हतं, त्यामुळे चार दिवस तो धुमसला. मग मुलगा भेटायला आला. ताडमाड उंच. आल्या आल्या दाराच्या चौकटीवर डोकं आपटून घेतलं आणि वर चौकटीलाच सॉरी म्हणाला. भोंगा तिथेच विरघळला.

“गाण्याचं काय करायचं रे?” त्यानं हळूच विचारलं.

“काका, बिनधास्त म्हणा. आम्हाला सवय आहे. तुम्ही गप्प बसलात तर मलाच चुकल्यासारखं होईल.”

भोंग्याच्या जिवात जीव आला. ज्याला म्हणायचं तोच हसतोय, मग प्रश्नच मिटला.

सामन्याच्या आधीच्या आठवड्यात विहीणबाई पहिल्यांदा घरी आल्या. नवऱ्यामागे एकटीनं मुलगा वाढवलेली बाई. चणीनं लहान, बोलायला मोकळी. भोंग्यानं त्यांच्यासाठी खास एका खुर्चीला नवं हिरवं कापड चढवलं होतं. त्या बसल्या, हात फिरवला आणि म्हणाल्या, “अहो, अशा खुर्चीत बसवलंत तर मी परत जायचं नाव घेणार नाही. नंतर कुरकुर करायची नाही हं.” भोंगा इतका खूश झाला की चहात साखर दोनदा घातली.

मग त्या हात धुवायला आत गेल्या आणि बाहेर आल्या त्या साबणाच्या चपट्यांची बरणी घेऊन.

“हे हो काय? एवढी काटकसर?”

मुलगी एकदम पंख्याकडे बघायला लागली. भोंग्याला खोटं बोलता येत नसे. आवाजच तसा होता, खोटं लपायचं नाही त्यात.

“ते... सामन्याचं आहे. म्हणजे गंमत असते हो. गॅलरीत सगळे सगळ्यांना बोलतात. रेफरीला आंधळा म्हणतो आम्ही, चष्मेवाल्याचं गिऱ्हाईक म्हणतो. मला स्वतःला भोंगा म्हणतात, मी कधी वाईट वाटून घेतलं? तिथली भाषाच तशी. मनात काही नसतं. मैदानातलं मैदानात राहतं, गेटबाहेर आलो की संपलं.”

“मग म्हणून दाखवा की.”

“इथे?”

“इथेच. मला पाठ आहे, पण ज्यानं रचलं त्याच्या तोंडून कधी असं समोर बसून ऐकलं नाही.”

गाणं म्हण म्हणून भोंग्याला आयुष्यात कधी दुसऱ्यांदा सांगावं लागलं नव्हतं. तो उभा राहिला, घसा खाकरला. “साबण तुमचा, वास तुमचा” इथपर्यंत ठीक गेलं. पुढे मात्र ‘तुमचा’ म्हणजे कुणाचा ते समोर हिरव्या खुर्चीत कपबशी धरून बसलेलं दिसलं. ‘जन्मभर’ या शब्दाशी त्याची गाडी अडली आणि तो खाली बसला.

“इथे नाही जमत,” तो पुटपुटला. “जागा वेगळी पडते.”

“जागा वेगळी आहे खरी,” विहीणबाई म्हणाल्या. “मी तीच आहे ना पण?” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर भोंग्याला सोपं गेलं असतं. “मुलगा शाळेतून बाहेर पडेपर्यंत मी चरबीच्या कढईवर होते. पाळी संपली की हात दगडानं घासायचे, लिंबानं घासायचे. त्याच्या शाळेत बोलावलं की दोनदा न्हायचे. एकदा त्याला घेऊन बसनं निघाले होते. साधा कामाचा दिवस, सामना ना बिमना. मागून कुणीतरी तुमचं गाणं सुरू केलं. सगळी बस हसली. हाही हसला, सगळे हसतायत म्हणून. घरी आल्यावर विचारतो, आई, ते आपल्यावर होतं का? तेव्हा ते तुमचं गेट कुठे होतं हो?”

भोंग्यानं बरणी उचलून टेबलाखाली सरकवली.

“चाल मात्र झकास आहे,” त्या म्हणाल्या. “कढईपाशी आम्ही बायका तीच गुणगुणायचो. शब्द तेवढे गाळून.”

“लग्नाला तर काही...” भोंग्यानं विचारलं.

“लग्न त्यांचं आहे, मी कशाला आड येऊ? येईन, जेवेन, फोटोत हसेन. पण उठलं की व्याह्यांकडे चहाला, असं येणं-जाणं मला जमेल का, ते मात्र आज सांगता येत नाही. त्याला पाय आपणहून उचलावा लागतो.”

त्या गेल्यावर मुलगी कपबश्या उचलता उचलता म्हणाली, “बाबा, सामन्याला मी त्यांना घेऊन येणार आहे. आपल्याच गॅलरीत. तुम्ही काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.” आईविना वाढलेल्या पोरीला आता कुठे एक आई मिळत होती, आणि तिच्या वाटेत बापाचं गाणं उभं होतं.

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला भोंग्याच्या दुकानात येऊन तावातावानं बोलला. “एवढ्या वर्षांचा रिवाज एका विहिणीपायी मोडणार तू? आणि तुझा जावईच म्हणतो ना, खुशाल म्हणा?”

भोंग्यानं तोंडातले खिळे तळहातावर काढले. “म्हणतो खरा. पण तो बसमध्येही हसलाच होता.”

चष्मेवाल्याला यातलं काही कळलं नाही, आणि भोंग्यानं खिळे पुन्हा तोंडात टाकले.

सामन्याच्या दिवशी गॅलरी ओसंडून वाहत होती. मुलगी आणि विहीणबाई कठड्यापासून चौथ्या रांगेत. उत्तरार्धात साबणवाल्यांचा गोलकीपर या बाजूला आला, थोड्या वेळानं कॉर्नर मिळाला, आणि सगळ्यांचे डोळे भोंग्याकडे लागले. तो हाताची घडी घालून उभा राहिला. चष्मेवाल्यानं त्याच्याकडे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि ढोलावर टिपरू मारलं. गॅलरीनं नाकं धरली आणि गाणं सुरू झालं.

भोंगा ओरडला, “थांबा!” पण गावातला सगळ्यात मोठा आवाज त्या गाण्यात कुठल्या कुठे बुडून गेला. त्यांना त्याची गरजच नव्हती. त्यानंच तर शिकवलं होतं.

नाइलाजानं तो वळला. आपल्या गाण्याच्या वेळी मैदानाकडे तोंड करायची ही त्याची पहिलीच खेप. साबणाच्या चपट्या पडत होत्या आणि जावई हसत होता, अगदी म्हणाला होता तसाच. मग दुसरी ओळ आली, ‘जन्मभर घासा’, आणि त्याचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळे गॅलरीकडे वळले. रांगेमागून रांग तो आईला शोधत होता. तेवढ्यात कॉर्नर घेतला गेला, चेंडू हवेत आला, तरी हा आपला वरच बघतोय.

“जावईबापू!” तो कठड्यावरून आजवर कधी नव्हता इतका गरजला. “आई आहे इथे, मी आहे तिच्यापाशी! बॉलकडे बघा!”

जावयानं झेप घेतली. चेंडू बोटांना लागून बारवरून गेला.

गॅलरीतली गाण्याची ओळ अर्धवटच राहिली. मग कुणीतरी खो खो हसलं, आणि पाठोपाठ शिव्यांचा भडिमार सुरू झाला. “घरभेद्या!” चष्मेवाला किंचाळला आणि टिपरू त्याच्या अंगावर फेकलं. भोंग्यानं ते उचलून त्याला परत दिलं आणि कठड्यावरून उतरून चौथ्या रांगेत गेला.

“तुमच्यापाशी आहे म्हणून ओरडलो ना, तो शब्द पाळायला आलो,” तो म्हणाला. विहीणबाई सरकल्या, तो बसला.

पुन्हा कॉर्नर मिळाला. या खेपेला बरेच जण गप्प होते, काहींनी चपट्या खिशातच ठेवल्या होत्या; पण पलीकडच्या टोकानं सुरू केलं आणि चष्मेवाल्यानं रागारागानं ढोल धरला. भोंगा लोकांच्या मधोमध बसून ते ऐकत होता. चारी बाजूंनी ते अंगावर येत होतं, आणि लाजेनं त्याची मान वर होईना.

“दर वेळी एवढं मोठं ऐकू येतं?” त्यानं विचारलं.

“छे हो,” विहीणबाई म्हणाल्या. “आज कमी आहे. आज तुम्ही म्हणत नाही आहात.”