रिकामा मिक्सर

सकाळपासून टीव्हीवर एकाच दिग्दर्शकाचे, एकाच नटीचे जुने सिनेमे ओळीने लागले होते, आणि सकाळपासून सूनबाईंच्या मिक्सरला उसंत नव्हती.

हॉलमध्ये सासरे खुर्चीत. त्यांचे डोळे गेल्यापासून पडद्यावरचं सगळं नात, म्हणजे सूनबाईंची लेक, त्यांना सांगायची. "आजोबा, ती आता पुलावर आलीये. वारा सुटलाय." ते मान डोलवायचे. नटीने बोलायला तोंड उघडलं रे उघडलं, की स्वयंपाकघरातून घर्रर्र!

कारण नटीचा तो आवाज सूनबाईंचा होता. नटी परभाषेतली, चेहरा तिचा, बोलणं उसनं. काम लग्नाआधीचं. लग्न ठरवताना सासऱ्यांनी एकच अट घातली होती: सिनेमा-नाटकातली मुलगी नको. सूनबाईंनी तेव्हा मान खाली घातली. सगळ्यांना तो विनय वाटला, आणि त्या विनयावर अख्खा संसार उभा राहिला. वर कालच त्यांनी लेकीला ठणकावलं होतं, "अभिनयाची शाळा? आपल्या घरात असलं कुणी केलेलं नाही! परवा मुलाखतीला जायचं नाही." आज आवाज ओळखला गेला, तर सासऱ्यांचा विश्वास जाणार होता आणि लेकीला दाखवायला तोंड उरणार नव्हतं.

"आई, एवढं काय वाटतेयस? पलटण जेवायला येणारे का?"

"तू तुझं बघ."

"आजोबा, गंमत बघा, हिचे ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो."

सूनबाईंनी दारातून डोकावून पाहिलं. सासरे गप्पच. त्यांचं ते गप्प बसणं सूनबाई ओळखून होत्या. पुरती खात्री पटेपर्यंत म्हातारा चकार शब्द काढत नसे.

संध्याकाळी शेवटचा सिनेमा. त्यात ती हाक होती, भावाला नेणाऱ्या बोटीमागे धावत मारलेली. तशीच हाक पुढे एकदा सूनबाईंनी खरोखर मारली होती, लेक बाजारात हरवली तेव्हा. सासरे शेजारीच होते.

नटी किनाऱ्यावर धावत सुटली. सूनबाईंनी बटण दाबलं.

"सूनबाई!" सासऱ्यांचा आवाज घरघरीच्या वर चढला. "रिकामं भांडं वेगळं वाजतं. सकाळपासून ऐकतोय."

बोट बटणावरून सुटलं. हाक घरभर घुमली.

लेक उठून आत आली. तिने झाकण काढलं. भांडं कोरडं ठणठणीत. तिने टीव्हीकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई... ही तू?"

सूनबाई दारापर्यंत गेल्या. "बाबा, तेव्हा सांगितलं असतं तर..."

"तर लग्न मोडलं असतं," सासरे म्हणाले. "पहिल्याच सिनेमात ओळखलं मी तुला. दुपारपर्यंत तुझा राग आला. त्यानंतर मिक्सरचा."

लेक भांडं पोटाशी धरून उभी. उद्याचं विचारायची तिची हिंमत होईना.

सूनबाईंनी ते भांडं काढून घेतलं.

"ओठ आधी हलतात म्हणे! ती तिच्या भाषेत बोलायची, मी तिच्या ओठांत माझे शब्द बसवायचे. उद्या मुलाखतीत असलं काही बरळू नकोस."