स्टुलाचा चौथा पाय

मी च्युइंगमच्या कारखान्यात गम बेस मिसळतो. गम बेस म्हणजे साखर संपल्यावर तोंडात उरतो तो ऐवज. शाळेत ज्या गोष्टीसाठी मला वर्गाबाहेर काढायचे, त्याच गोष्टीसाठी इथे पगार मिळतो. अशी नोकरी पुन्हा मिळणार नाही.

स्कूटर झाकायला मी एक रिकामं पोतं घरी आणलं आणि सुतारकाम करणाऱ्या काकांनी त्यावरचं नाव वाचलं.

"पॉलिव्हिनिल ॲसिटेट? अरे, हे माझ्या पांढऱ्या गोंदात असतं!"

आमच्याच कारखान्याचा गम चघळणाऱ्या आईचं तोंड थांबलं.

"म्हणजे तू लोकांना गोंद खायला घालतोस?" बाबा म्हणाले.

"नाव तेच, पण आमचा माल खाण्यासाठी वेगळा बनवतात, शुद्ध करून. मऊ असतो. चुकून गिळला तरी पोटात चिकटत नाही, न पचता गुपचूप बाहेर पडतो."

"चोरासारखा. उद्याच राजीनामा दे," बाबा म्हणाले.

"तरीच," आई म्हणाली, "हा एकदा अंथरुणाला चिकटला की सुटत नाही."

काकांनी तोडगा काढला. "भांडता कशाला? माझ्याकडे पाय निखळलेलं स्टूल आहे. ह्याच्या मालाने चिकटवू. पाय टिकला तर तो गोंद, पोराने नोकरी सोडायची. निसटला तर खाऊ."

बाबांना हा न्याय पटला. मलाही पटला. हीच आमच्या घराण्याची अडचण आहे.

सगळ्यांनी मिळून कारखान्याचा गम चघळला. काकांनी तो गोळा खाचेत दाबला, पाय बसवला आणि स्टूल पंख्याखाली ठेवलं. गार झाल्यावर गम दगडासारखा घट्ट झाला. माझं तोंड उतरलं.

बसायचा मान मोठ्या मावशीचा. तिचं वजन हा घरातला एकमेव वादातीत विषय. ती बसली. स्टूल कुरकुरलंसुद्धा नाही.

"राजीनामा साध्या कागदावर चालतो का रे?" बाबांनी विचारलं.

आता एकच आशा होती. गम उबेला मऊ पडतो. मी पंखा बंद केला, खिडकी लावली आणि म्हणालो, "मावशी, तुझ्या शेजारणीने कुलूप का बदललं गं?"

मावशी खुलली. पहिलं कुलूप शेजारणीच्या दिराने बिघडवलं होतं. दुसरं तिच्या नणंदेला आवडलं नव्हतं. सगळ्यांना घाम फुटला, पण मावशीला मध्येच तोडायची कुणाची टाप? ती दुसऱ्या कुलपाच्या किल्लीवर आली तेव्हा तिचा डावा खांदा जरा कलला.

"तुम्ही सगळे वर का चाललात?" तिने विचारलं.

"तू बोल गं," मी म्हणालो.

बोलता बोलता मावशी अलगद जमिनीवर येऊन टेकली. कुठे खरचटलंही नाही. मागे आडवा पाय, आडवं स्टूल आणि दोघांच्या मध्ये गुलाबी तार लोंबत होती.

बाबांनी गमची नवी गोळी तोंडात टाकली. "खाऊच आहे," ते म्हणाले. "उद्या वेळेवर जा कामाला."

काका मात्र गुडघे टेकून तार निरखत होते. "आवाज नाही, दुखापत नाही, अपमान नाही... जे पाहुणे उठतच नाहीत, त्यांच्यासाठी खुर्च्या करतो. तुझ्या साहेबांना विचार, अख्खं पोतं देतील का."

"कुठले पाहुणे?" मावशीने खालून विचारलं.

सगळे छताकडे बघायला लागले.

"असो," मावशी मांडी घालत म्हणाली. "तर मग तिने तिसरं कुलूप आणलं."