भाकरीच्या फडक्यातलं पोट

मी अस्तराचा एक जुना तुकडा आहे, मित्रांनो. कोटाच्या नव्हे, पोटाच्या. तेही अंड्यातल्या पिल्लाच्या. सोलापुरातल्या एका कॉलेजात, काचपट्टीला चिकटून, बरीच वर्षं गप्प बसलो आहे. भीती मात्र अजून गेलेली नाही.

१९७४ च्या डिसेंबरात मी सहा दिवसांचा होतो. कोंबडीला दात नसतात, म्हणून तिला दोन पोटं लागतात. पहिलं पाचकरस सोडतं, दुसरं दाणे दळतं. मी दळणाऱ्या पोटाचं आतलं अस्तर होणार होतो. भोवती मऊ पेशींचं आवरण होतं, तेच मला दळणाचं काम शिकवत होतं. नोकरी कायमची वाटत होती.

एके सकाळी छप्पर फुटलं. वरून चिमटा आला आणि त्यामागे डोंगराएवढा डोळा. तो प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या दाक्षायणीबाईंचा. त्यांनी माझं आवरण सोलून काढलं आणि दुसऱ्या पिल्लाच्या रसाच्या पोटाचं आवरण मला नेसवलं. मग आम्हां दोघांना तिसऱ्याच अंड्यात, कवचाखालच्या पडद्यावर ठेवून वरचं भोक चिकटपट्टीनं बंद केलं. अस्तर स्वतःच्या मनाचं ऐकतं की शेजाऱ्याचं, एवढंच त्यांना बघायचं होतं. आधीची अकरा अंडी दगावली होती. हे बारावं गेलं तर प्रयोग बंद, असं विभागप्रमुखांनी बजावलं होतं.

नवं आवरण दिवसरात्र माझ्या मागे लागलं होतं. रस सोड, रस सोड. मला फक्त दळायचं माहीत, पण ऐकतं कोण? चौथ्या दिवशी माझ्या अंगावर खळगे पडू लागले. मला वाटलं, देवी आल्या. त्या ग्रंथी होत्या.

पाचव्या दिवशी भर दुपारी उबवणीच्या पेटीतला दिवा गेला. वीजकपात. गारवा कवचातून आत शिरला तशी आम्ही दोघांनी एकमेकांना मिठीच मारली. भांडण नंतर बघू म्हटलं.

"बाई, घोंगडीत गुंडाळू का?" प्रयोगशाळेतला शिपाई बिरप्पा म्हणाला. "लई उबदार हाय."

"घोंगडी ऊब राखते, बिरप्पा. पण मुळात आणायची कुठून?" असं म्हणून बाईंनी अंडं पदराआड पोटाशी धरलं.

तेवढ्यात त्यांची आई सावित्रम्मा डबा घेऊन आल्या. त्यांच्या उंबऱ्याच्या आत अंडं म्हणून कधी आलं नव्हतं.

"पोटाशी काय लपवलंस गं?"

"पोट, अव्वा."

"ते दिसतंय की. त्याच्यावर काय?"

"अजून एक पोट."

पदर सरला. सावित्रम्मा दोन पावलं मागं झाल्या. "अय्यो शिवा! टाक ते आधी!"

मी संपलोच.

"गार पडलं तर जीव जातुय त्याचा, आक्का," बिरप्पा हळूच म्हणाला.

"जीव हाय आत?"

"हाय की."

सावित्रम्मांनी डबा उघडला. फडक्यात तव्यावरून नुकत्याच उतरवलेल्या गरम ज्वारीच्या भाकरी, शेजारी ठेचा. अंडं, भाकरी आणि ठेचा! मित्रांनो, मला माझं भविष्य स्वच्छ दिसलं.

पण ठेचा त्यांनी बाजूला सारला. बिरप्पानं फडकं गालाला लावून पाहिलं. "अजून एक घडी घाला, न्हायतर पोळंल." घोंगडीत भाकरी ठेवल्या, त्यांच्यावर फडक्याची दुहेरी घडी. मग सावित्रम्मांनी डोळे मिटले आणि अंडं स्वतःच्या हातानं आत ठेवलं.

"आता तू काय खाणार गं?"

उत्तर बाईंच्या पोटानं दिलं. असा गुरगुराट की मला वाटलं, रसाच्या पोटांचे मोठे साहेब आले. मी घाईघाईनं आणखी दोन ग्रंथी काढल्या.

पाच वाजता दिवा लागला. सातव्या दिवशी मला बाहेर काढून, कापून, रंगवून काचेवर बसवलं. म्हणजे मी मेलो, पण कौतुक फार झालं. "ग्रंथीच ग्रंथी, बिरप्पा!" बाई सूक्ष्मदर्शकावरून उठेनात. मी शेजाऱ्याचंच ऐकलं होतं.

आता वर्षातून एकदा मला कपाटाबाहेर काढतात. मुलं घाईनं काच मधोमध धरतात, आणि मी धास्तावतो. काच कडेनं धरा, मित्रांनो. आणि तुमच्या बाकावर कुणी नवं, भेदरलेलं येऊन बसलं तर जपून वागा, ते तुमच्यासारखं होऊ शकतं. आधी त्याला ऊब द्या. मला ती ज्या हातांनी दिली, ते सावित्रम्मांचे हात नंतर साबणानं तीनदा धुतले गेले. तरी आधी त्यांनी ऊब दिली.