झाकलेला सांधा

पोर्ट हारकोर्टच्या त्या कारखान्यात सांधा वेल्डिंग चालू असतानाच तपासला जाई. ओन्येका गॅसच्या टाक्या जोडायचा आणि त्याच्या हातामागून त्याची बायको उगोन्वा यंत्र सरकवायची. कानाला ऐकू न येणाऱ्या लहरी तापल्या धातूत शिरायच्या आणि आत भेग असली की पडद्यावर रेघ उसळायची. मग तेवढा थर लगेच घासून काढून नव्याने भरायचा, असा शिरस्ता होता.

त्या सकाळी रेघ उसळली. "थांबा, आत भेग आहे," उगोन्वा म्हणाली.

मुकादम अझुबुके ओन्येकाचा सख्खा थोरला भाऊ. त्याने यंत्रच बंद केलं. "हिच्या यंत्राला रोज काहीतरी दिसतं. ओन्या, वरून दुसरा थर ओढ. टाकी आजच द्यायचीय."

थोरल्याचा शब्द ओन्येकाने मोडला नाही. दाब भरताना ती टाकी फुटली आणि ओन्येका जागच्या जागी गेला.

गावी अंगणात प्रेत धुतलं. ते पाणी वाटीत घेऊन घराण्याच्या माहेरवाशिणी उगोन्वासमोर बसल्या. नवऱ्याला तू मारलं नसशील तर हे पी, हा तिथला न्याय. बायको मेलेल्या पुरुषाला असं पाणी पाजल्याचं मात्र कुणी कधी ऐकलेलं नाही.

"पी गं पोरी, एकच घोट. माझा नवरा गेला तेव्हा मीही प्यायलेय," त्यांच्यातली म्हातारी, ओन्येकाची अकुडो आत्या हळूच म्हणाली.

"का कचरतेस? मनात पाप आहे वाटतं," ओट्यावरून अझुबुके बोलला.

उगोन्वाचं रडू तिथंच आटलं. याला आता सोडायचा नाही, असं तिने ठरवलं. वाटी घेऊन ती उठली.

"पिते, भाऊजी. पण आधी तुमची परीक्षा. यंत्र बंद ठेवून त्याच सकाळी तुम्ही आणखी एक टाकी जोडून घेतलीत, ती उद्या भरणार आहेत. सांधा चांगला आहे ना? मग भरेपर्यंत तिला पाठ लावून बसा. जिवंत उठलात की सगळ्यांदेखत हे पाणी पिते."

अझुबुके हसायला गेला, पण हसू येईना. "डोकं फिरलंय हिचं. त्या टाकीपाशी कोण बसेल?"

"का रे? का नाही बसायचं?" आत्याने विचारलं.

तो ओट्यावरून उतरून फाटकाकडे वळला.

"ती टाकी मी भरू देणार नाही," उगोन्वा म्हणाली. "पोलिसांसमोर कापायला लावीन. तुम्हाला बेड्या पडलेल्या बघेन, मगच माझा शोक सुरू होईल."

अकुडो आत्या गुडघ्यावर हात टेकत उठली. उगोन्वाच्या हातातली वाटी घेऊन तिने ती अझुबुकेसमोर धरली.

"मग हे तू पी," ती म्हणाली.

बाकीच्या माहेरवाशिणी उठल्या आणि फाटक अडवून उभ्या राहिल्या.