डब्ल्यू नसलेली दलदल

मार्नी लुओमाची पदवी अडली ती एका अक्षरापायी. अक्षर तरी कुठलं, तर डब्ल्यू. आमच्या विद्यापीठाचा नियमच आहे तसा. तुम्ही जंगलशास्त्र शिका, नर्सिंग शिका, नाहीतर पूल बांधायला शिका, नावापुढे डब्ल्यू लागलेले दोन कोर्स केल्याशिवाय पदवी हातात पडत नाही. डब्ल्यू म्हणजे लेखन. शिकलेल्या माणसाला चार ओळी धड लिहिता आल्या पाहिजेत, असा त्यामागचा उदात्त हेतू. आता लिहिता येतं की नाही हे काही कोणी तपासत नाही. डब्ल्यू आहे की नाही, तेवढं मात्र डोळ्यांत तेल घालून तपासतात.

फेब्रुवारीत, बाहेर बर्फ खिडकीच्या चौकटीला टेकलं होतं तेव्हा, मार्नी सल्लागार बाईंकडे शेवटची तपासणी करून घ्यायला गेली. बाईंचं नाव ग्लेनिस. ग्लेनिस सगळ्यांनाच राणी म्हणायची, आणि बातमी वाईट असली की जरा जास्तच.

"सगळं कसं छान आहे, राणी! गुण छान, हजेरी छान. फक्त एक डब्ल्यू कमी पडतोय गं, राणी."

"कमी कसा? मी पाणथळांचा कोर्स केला ना, प्रोफेसर हाकालांचा. त्याला डब्ल्यू आहे."

"वसंत सत्रात आहे. तू शरद सत्रात केलास."

"कोर्स तोच ना?"

"तोच."

"शिकवणारे तेच?"

"तेच. पुस्तक तेच. दलदलसुद्धा तीच. पण शरदात तिला डब्ल्यू नव्हता गं, राणी." ग्लेनिसनं टेबलावरची चॉकलेटांची बशी पुढे सरकवली. आमच्याकडे वाईट बातमी नुसती कोणी देत नाही, बरोबर काहीतरी गोड देतात. "तू असं कर, लेखन समितीकडे विनंतीअर्ज कर. समितीतली माणसं फार चांगली आहेत."

मार्नीनं चॉकलेटाला हात लावला नाही. कारण प्रश्न नुसत्या पदवीचा नव्हता. तिचं गाव टॅमरॅक लँडिंग, अगदी वर, सरोवराच्या काठाला. गावातली पोरं शाळा संपली की मोठा पूल ओलांडून दक्षिणेला जातात आणि परत येतात ती नाताळात किंवा कुणाच्या तरी मयताला. गावाबाहेर राज्याच्या पाणथळ खात्याची एक चौकी आहे. तिथला एकुलता एक निरीक्षक, होडीतून दलदल पालथी घालणारा म्हातारा रेइनो सारी, या उन्हाळ्यात निवृत्त होणार होता. पोटापाण्याचं आणि तेही दलदलीतलं काम, वर संध्याकाळी स्वतःच्या घरी! अशी जागा गावात पिढीतून एकदा निघते. सारीनं वर सांगून ठेवलं होतं, लुओमाची पोर येईल, तिच्यासाठी ठेवा. अट एकच होती, एक जूनला पदवी हातात हवी. मार्नीचा बाप वाइनो बायको गेल्यापासून एकटाच राहत होता. बातमी ऐकली आणि त्यानं मार्नीच्या खोलीला नवा रंग दिला.

तर मार्नी तडक हाकालांच्या खोलीत गेली. प्रोफेसर टॉइवो हाकाला म्हणजे आमच्या भागातला अस्सल फिनिश माणूस. बोलायचे तेव्हा शब्द पदरचे खर्च होत असल्यासारखे बोलायचे.

"प्रोफेसर, शरदात आपल्या कोर्सला डब्ल्यू का नव्हता?"

हाकालांनी बुटातला चिखल काढता काढता विचार केला. "कागद आला होता. लेखन कसं शिकवता, तीनशे शब्दांत लिहा."

"मग? तुम्ही लिहिलं नाहीत?"

"लिहिलं. 'मुलं लिहितात.'"

"एवढंच?"

"खरं होतं ते."

समितीनं अर्थातच तो कागद फेटाळला होता. वसंत सत्राच्या वेळी विभागातल्या लेखनिक बाईंनी हाकालांना न विचारता तीनशे शब्द ठोकून दिले, आणि दलदलीला डब्ल्यू मिळाला. म्हणजे लेखन केलं बाईंनी, प्रतिष्ठा मिळाली प्रोफेसरांना, आणि लटकली मार्नी. कपाळावर हात मारावा नाही तर काय!

पहिला अर्ज करायला सोपा होता. कोर्सचा आराखडा, मार्नीचा चाळीस पानी अहवाल आणि त्यावरचे शिक्षकांचे लेखी अभिप्राय एवढं जोडायचं होतं. अहवाल मार्नीनं तीनदा लिहिला होता, तिन्ही खर्डे जपून ठेवले होते. पहिल्यावर हाकालांनी लिहिलं होतं, "पुन्हा." दुसऱ्यावर लिहिलं होतं, "पुन्हा." तिसऱ्यावर होतं, "बरं."

हाकालांचं "बरं" म्हणजे काय चीज आहे, हे समितीला कोण सांगणार? अख्ख्या विभागात ते मिळालेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यातल्या एकानं ते पान चौकट करून भिंतीला लावलंय.

समितीचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं, आणि इतकं गोड की वाचताना मार्नीला आधी वाटलं, मिळालाच डब्ल्यू. "प्रिय मार्नी, तुझा अर्ज वाचून आम्हाला अतिशय आनंद झाला. पाणथळांविषयीची तुझी तळमळ थक्क करणारी आहे." असं करत करत शेवटच्या ओळीत, "मात्र शिक्षकांनी सातत्यानं सविस्तर मार्गदर्शन केल्याचा लेखी पुरावा आढळला नाही, त्यामुळे या वेळी आम्ही होकार देऊ शकत नाही. तुझ्या संयमाबद्दल आभार." आता संयम कोणी दाखवला होता? तिनं पत्र चुरगाळून कोपऱ्यात फेकलं, मग उठून उचललं आणि सरळ केलं, कारण पुढच्या अर्जाला ते जोडायचं होतं.

"अभिप्राय आत्ता लिहा ना, प्रोफेसर," ती हाकालांना म्हणाली. "तेव्हा मनात जे होतं, तेच लिहा. खोटं काही नको."

"खोटं लिहीत नाही मी," हाकाला म्हणाले, आणि कॉफीची किटली भरून घेऊन बसले. मार्नी समोर वेलचीचा पाव कुरतडत बसली. दुपार सरली. हाकाला पान उलटायचे, पेन्सिल टेकवायचे, चार शब्द लिहायचे, पुसायचे, आणि कपाळाला आठ्या घालून पुन्हा लिहायचे. बिचाऱ्यांनी उभ्या जन्मात एवढं लिहिलं नसेल. शेवटी समासांत मुंग्यांसारखी अक्षरं भरली, आणि त्यांनी अकराव्या पानावर बोट ठेवलं.

"हे चूक आहे."

"काय?"

"पाण्याची पातळी. बीव्हरांनी बांध घातला होता. तू हिशेबात धरलाच नाहीस."

"पण तुम्ही 'बरं' म्हणाला होतात!"

"तेव्हा नीट वाचलं नव्हतं. पुन्हा कर."

मार्नीला रडावं की हसावं कळेना. पण खरी गोष्ट अशी, की त्यांचं बरोबर होतं. ती चडफडत मापं काढून बसली आणि तिनं ते पान नव्यानं लिहिलं. हाकालांनी बघितलं आणि नुसती मान हलवली. त्या मानेवर ती दोन दिवस खूश होती.

दुसरं उत्तर आलं तेही साखरेत घोळूनच. अभिप्राय अत्यंत मौलिक होते, समिती भारावून गेली होती. मात्र अभिप्रायांखाली एप्रिलची तारीख होती आणि कोर्स डिसेंबरात संपला होता. मार्गदर्शन कोर्स चालू असतानाच झालेलं असावं लागतं.

"तारीख कशाला घातली गं, राणी!" ग्लेनिस कळवळली. "न घालता दिलं असतं तर कोण विचारणार होतं?"

मार्नीनं हाकालांना विचारलं, तर त्यांना प्रश्नच कळला नाही. "एप्रिल होता," ते म्हणाले.

आता मात्र मार्नीचं डोकं फिरलं. नियमावली गेली खड्ड्यात, असं म्हणत तिनं तिसरा अर्ज लिहायला घेतला, आणि त्यात खरं तेवढंच लिहिलं. पहिलं "पुन्हा" मिळाल्यावर ती चिडून दलदलीत परत कशी गेली, कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि आधी नुसतं गवत दिसत होतं तिथे तिला तीन जातींची शेवाळं कशी दिसली. दुसऱ्या "पुन्हा"नंतर ती आणखी आत गेली, तिचा बूट चिखलात अडकून राहिला आणि तो काढताना खालचं जुनं, काळं, पूर्वीच्या जंगलाचं लाकूड कसं हाताला लागलं. एका शब्दानं तिला दोनदा परत पाठवलं होतं, आणि लिहिणं म्हणजे असं परत जाणं असेल तर ती ते शिकली होती. शेवटी तिनं लिहिलं, मला घरी जायचंय. गावातून सगळे जातात, मला परत जायचंय, माझं काम तिथे आहे.

दोनच पानं झाली. वाचून ग्लेनिसनं स्वतःच्याच बशीतली तीन चॉकलेटं खाल्ली. "यावर नाही म्हणतील तर मी नोकरी सोडीन, राणी," ती म्हणाली. अर्थात तिनं पुढे ती काही सोडली नाही.

उत्तर पदवीदान समारंभाच्या आदल्या दिवशी आलं. समितीच्या अध्यक्ष डॉक्टर प्रिसिला वेनराइट यांनी स्वतः लिहिलं होतं. अर्ज बैठकीत मोठ्यानं वाचला गेला होता. एका सदस्याला अश्रू आवरले नव्हते. इतकं नितळ, इतकं प्रभावी लेखन समितीच्या पाहण्यात नव्हतं. "मात्र अर्ज चांगला लिहिला आहे, हे अर्ज मंजूर करण्याचं कारण होऊ शकत नाही. उन्हाळ्यात सहा आठवड्यांचा प्राथमिक लेखनाचा डब्ल्यू कोर्स आहे, त्यात तुझं मनापासून स्वागत आहे." सोबत एक संमतिपत्र होतं. हा अर्ज नाव काढून वर्गात उत्तम लेखनाचा नमुना म्हणून वापरायला तिची हरकत नाही ना?

तिनं सही केली. का केली? अहो, इतकं चांगलं बोलणाऱ्या माणसांना नाही म्हणायचं कसं? आमच्याकडे ते कोणाला जमत नाही. समिती सोडून.

समारंभाला वाइनो आला, लग्नातला कोट घालून, कॅमेरा गळ्यात अडकवून. पदवी झाली नसली तरी झगा घालून मंचावर चालू देतात. कुलगुरूंनी हात मिळवला, लाल कातडी फोल्डर दिलं, टाळ्या पडल्या. नंतर गाडीत बसून बापलेकीनं घरून आणलेल्या बटाटा-मांस भरलेल्या, करंजीसारख्या पॅस्ट्या काढल्या. वाइनोनं हात पुसून फोल्डर उघडलं. आत एक चिठ्ठी होती, 'अभिनंदन! अटी पूर्ण झाल्या असल्यास पदवी टपालानं येईल.'

"रिकामंच की गं हे," वाइनो म्हणाला.

"सगळ्यांना तसंच देतात, डॅड." मग तिला खोटं बोलवेना. "माझं रिकामंच राहणार आहे. जुलैपर्यंत."

वाइनोनं फोल्डर मिटलं, पण हातातच ठेवलं. "सारी म्हणाला होता, पंधरा दिवस मी जागा ओढून धरतो. जुलैपर्यंत नाही धरता यायचं त्याला."

"मग कोणाला देतील?"

"पुलाखालचा एक पोरगा आहे म्हणे." दक्षिणेकडचा प्रत्येक माणूस आमच्या लेखी पुलाखालचा. "परवा चौकी बघायला आला होता. सारीला विचारत होता, इथे डास फार असतात का."

मार्नीला हसू आलं, आणि हसता हसता ती जी रडायला लागली ती थांबेचना. वाइनोनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, दुसऱ्या हातानं तिचा झगा, चुरगळू नये म्हणून, जरा उचलून धरला. "खोली आहेच तुझी," तो म्हणाला. "रंग काही कुठे जात नाही."

जूनमध्ये वर्ग सुरू झाला. सगळी अठरा वर्षांची पोरं, आणि शिकवायला केल्सी नावाची एक हसरी पोरगेली शिक्षिका. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्यांना दोन पानं वाटली. मार्नीनं पहिली ओळ बघितली आणि तिचे कान तापले. दलदल तिची होती, बूटही तिचाच होता.

"या लेखिकेला हवं ते मिळालं असेल का?" केल्सीनं विचारलं.

"म्हणजे काय!" मागून एक पोरगा म्हणाला. "हे वाचून कोण नाही म्हणेल?"

"अगदी बरोबर! म्हणून तर हे प्रभावी लेखन."

मार्नीनं हात वर केला. "नाही मिळालं."

"वेगळं मत! मला आवडलं," केल्सी खुलली. "पण मजकुरात पुरावा दाखवता येईल?"

मजकुरात पुरावा नव्हता. मार्नीनं हात खाली घेतला. मग केल्सीनं पहिला गृहपाठ दिला, या लेखिकेचं काय पणाला लागलं होतं, ते एका पानात लिहा.

मार्नीनं लिहिलं. नवा रंग दिलेली खोली लिहिली, सारीची होडी लिहिली, रिकामं फोल्डर हातात धरून बसलेला बाप लिहिला. पान परत आलं ते हिरव्या शाईत. लाल शाईनं मुलांची मनं दुखावतात, म्हणून ती आमच्याकडे बंद झालीय. "सुंदर सुरुवात! तुझा आवाज ऐकू येतोय! पण लेखिकेनं नक्की काय गमावलं, ते अजून माझ्यापर्यंत पोचत नाही. पुन्हा लिही."

मार्नी त्या "पुन्हा"कडे बघत राहिली. हाकालांचं "पुन्हा" आलं की ती बूट चढवायची आणि दलदलीत परत जायची. आता तिथे तो पुलाखालचा पोरगा डास मारत उभा होता.

तिनं कोरा कागद ओढला आणि पहिल्या ओळीपासून लिहायला लागली. डब्ल्यू तर हवाच होता.