नाकाची नोकरी

आमच्या घरी टेस्टिंगच्या दिवशी सुकी मासळी भाजत नाहीत. हा कायदा माझा, आणि तो मी भांडून केलेला. वडपेच्या वाइन कंपनीत मी चाखायचं काम धरलं तेव्हा आमच्या कोन गावातल्या बायका म्हणाल्या, हौसाची क्षितिजा दारूच्या गोदामात जाते. मी प्रत्येकीला सांगितलं की बाई गं, मी पीत नाही, तोंडात घेते नि थुंकते, आणि थुंकायचा पगार मिळतो. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो असं आई म्हणते. असू दे की. माझी नोकरीसुद्धा तिथेच आहे.

होती म्हणा. निदान त्या मंगळवारी सकाळपर्यंत.

मंगळवारी मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. आदल्या आठवड्यात ताप येऊन गेला आणि तेव्हापासून नाक बंद होतं. सर्दी आहे, सुटेल, असं मी स्वतःला सांगत होते. वाफ घेतली, ओवा हुंगला, उगाच चिडचिड केली. त्या सकाळी स्वयंपाकघरात बसून वेणी घालत होते तर आई कपाळावर हात मारत गॅसकडे धावली.

"आग बाय! आज तुजं टेस्टिंग हाय, इसरलेच गो मी. सगला घर भरला वासानी. वरडू नको आता."

गॅसच्या जाळीवर सुके बोंबील भाजत ठेवले होते. माझ्यापासून हाताच्या अंतरावर. धूर दिसत होता, बोंबलाची टोकं काळी झालेली दिसत होती, आणि मला कसलाही वास येत नव्हता. मी ओरडले नाही, तशी आईच घाबरली. बरी हायस ना गो, म्हणून तिने माझ्या कपाळाला हात लावला. मी तो झटकला, तिथल्याच दोरीवरची ओढणी ओढली आणि निघाले.

रिक्षात मी वेड्यासारखी हुंगत होते. डिझेल, गटार, कोणाच्या तरी डोक्यावरचं तेल, काहीही चाललं असतं. जन्मभर ज्या रस्त्याला नाक मुरडलं त्याच्यापाशी आता वासाची भीक मागत होते. शेजारच्या माणसाने नाकाला रुमाल लावला. धूळ फार आहे, मला वाटलं. सरांना खरं सांगून टाकावं का? पण सांगितलं तर संपलंच. आंधळ्या माणसाला कोणी ट्रक चालवायला देतं का? आणि मग गावातल्या त्या बायका दात काढून हसणार.

टेस्टिंगच्या खोलीत कंपनीचे मालक देवेश सर होते आणि वाइन बनवणाऱ्या सुकन्या मॅडम नाशिकहून आल्या होत्या. मी आत शिरले नि मॅडमनी सरांकडे पाहिलं, उठून एसी बंद केला आणि खिडकी उघडली. मला वाटलं, त्यांना थंडी सोसत नसेल.

समोर शार्दोने या पांढऱ्या वाइनचे तीन ग्लास. द्राक्ष एकाच मळ्यातलं, पण एक वाइन स्टीलच्या टाकीत राहिलेली, एक ओकच्या जुन्या लाकडी पिंपात, एक नव्या पिंपात. कोणती कुठली ते ओळखायचं, आणि नव्या पिंपाच्या लाकडाचा वास फळाच्या वासाला दाबून टाकतोय की त्याच्याशी जमवून घेतोय ते सांगायचं. त्यावर त्या पिंपांचं काय करायचं ते ठरणार होतं, आणि माझंही.

पहिल्या ग्लासला नाक लावलं. पाणी हुंगावं तसं. मग घोट घेतला, आणि जीभ देवासारखी धावून आली. लख्ख आंबट, कडा धारदार, म्हणजे स्टीलची टाकी. दुसरी गोलसर, सायीसारखी जड, तर ती जुन्या पिंपातली. तिसरी जडही आणि हिरड्यांना कोवळ्या सुपारीसारखी किंचित धरणारी. ती नवी. मी तिन्ही सांगितल्या. सरांनी मान हलवली. तिन्ही बरोबर होत्या. माझा जीव भांड्यात पडला.

"चव सांगितलीस," मॅडम म्हणाल्या. "तिसऱ्याच्या वासाचं काय?"

इथे बोलता आलं असतं. नाक बंद आहे, एवढे तीन शब्द. पण तिन्ही बरोबर आल्याचा माज होता, की भीती होती, देव जाणे. मी पुन्हा ग्लास हुंगला, डोळेसुद्धा मिटले, आणि पाठ असलेलं म्हणून टाकलं. लोणी, व्हॅनिला, शेकलेलं खोबरं. लाकूड आहे, पण फळावर बसलेलं नाही. छान जमलंय.

"आणखी काही?"

"नाही मॅडम. एकदम स्वच्छ."

सर ग्लासच्या दांड्याशी चाळा करत राहिले, नि मग खाली बघतच म्हणाले, "क्षितिजा, तू आल्यापासून खोलीत सुक्या बोंबलाचा वास भरलाय. आम्हा दोघांना पिंपाचा वास लागतच नाहीये. तुला कसा लागला?"

मी ओढणीचं टोक नाकाशी धरलं. छाती भरून श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. काही नाही. कानांपर्यंत आग झाली, आणि रडू आलं ते आलंच.

कधीपासून, मॅडमनी विचारलं. मी सांगितलं. त्यांचा आवाज चढला नाही. त्या म्हणाल्या, तापानंतर माझंही नाक गेलं होतं, पुढे परत आलं. दारातच सांगितलं असतंस तर तारीख पुढे ढकलली असती. जीभ चांगली आहे तुझी. पण न आलेला वास आला म्हणणारीच्या सहीवर मी माल पाठवू शकत नाही.

मी परत आले तर आई दारातच उभी होती. घरातली सगळी सुकी मासळी तिने शेजारी देऊन टाकली होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि स्वतःच्या गालावर मारून घेतलं. माझ्या बोंबलानी घात केला गो, म्हणाली. मी तिचा हात धरला.

"बोंबलानी न्हाय, आई."

नुसतं नाक गेलं म्हणून नोकरी गेली असती, तर जन्मभर तापाला शिव्या घातल्या असत्या. आता कोणाला घालू?